कुंपणाकाठची पिवळी पट्टी

हिरवळीच्या मधोमध सारं काही ठीक असतं. पायाखाली दाट, थंड गवत लागतं. पण सामाईक भिंतीच्या कडेला हात-दीड हात रुंदीची पट्टी आधी फिकट होते, मग विरळ होते आणि शेवटी तिथे उघडी माती दिसू लागते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतल्या बंगल्यांच्या वसाहतींमध्ये हे दृश्य नवं नाही. त्यावरचे उपायही ठरलेले. पाणी वाढवायचं, मूठभर युरिया टाकायचा, एखादं कीटकनाशक मारायचं आणि काहीच लागू पडलं नाही की रोपवाटिकेतून तयार लॉनचे तुकडे आणून बसवायचे. काही महिन्यांत तेही त्याच वाटेने जातात. मग नजर भिंतीपलीकडे वळते आणि मनात येतं, शेजाऱ्यांनीच काहीतरी टाकलं असणार.

क्वचित ते खरं असतंही. पण त्या निष्कर्षावर येण्याआधी खुद्द भिंतीकडे नीट पाहायला हवं. कुंपण ही केवळ हद्दीची खूण नाही. ते ऊन अडवतं, वारा वळवतं, पावसाची सर रोखतं, दुपारी तापतं, आणि त्याच्या पायाजवळची माती बाकीच्या आवारातल्या मातीसारखी उरलेली नसते. आवाराच्या मध्यापासून जेमतेम दहा-बारा फुटांवर, भिंतीच्या कडेला, गवताला मिळणारं हवामान आणि जमीन दोन्ही वेगळी असतात. गवत का मरतंय हे शोधायचं तर या वेगळेपणाचा एकेक धागा सोडवत जावं लागतं. त्यासाठी लागणारी साधनं घरातच आहेत. एक खुरपं, एक मोजपट्टी, चार वाट्या आणि मूठभर मूग.

आधी आकार, मग औषध

आजारी पीक पाहायला आलेला जाणकार आधी एकेक पान खुडत बसत नाही. तो बांधावर उभा राहून नुकसानीची ठेवण पाहतो. हिरवळीलाही हाच नियम लावावा. कीड आणि बुरशी ही जिवंत कारणं एका जागी सुरू होतात आणि चहूकडे पसरतात. त्यामुळे त्यांचे डाग गोलसर किंवा वेडेवाकडे, कुठे मोठे तर कुठे लहान असतात. भिंतीला समांतर, एकसारख्या रुंदीची पट्टी मेली असेल तर पहिला संशय ऊन, पाणी, माती किंवा रसायन यांच्यावर घ्यावा.

दुसरी खूण तणांची. मेलेल्या पट्टीत लव्हाळा, घोळ, केना जोमाने वाढत असतील तर माती विषारी झालेली नाही. अडचण फक्त लॉनच्या गवतालाच नडते आहे. तणंसुद्धा जळाली असतील तर तणनाशक, क्षार किंवा सिमेंटचा माल यांकडे वळावं. जमिनीवर हिरवट शेवाळ धरलं असेल तर तिथे ऊन पोचत नाही आणि ओल सुकत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी खूण वेळेची. डिसेंबर-जानेवारीत सावकाश विरळ होणारं गवत बहुधा सावलीने हरलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यांत करपणारं गवत उष्णता आणि तहान सांगतं. जुलैत पिवळं पडणाऱ्या गवताची मुळं पाण्यात गुदमरत असू शकतात. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मोठमोठे तुकडे सुकू लागले तर मातीत हुमणी शोधावी. आणि कुठल्याही ऋतूत आठ-पंधरा दिवसांत सगळी पट्टी एकदम गेली, तर रसायनाचा संशय घ्यावा. या तीन खुणा एका कागदावर लिहून काढल्या तरी निम्मी कारणं तिथेच गळतात.

सावलीचं गणित

आपल्याकडच्या बहुतेक हिरवळी हरळीच्या. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच गवताच्या. लॉनसाठी तिच्याच बारीक पानांच्या निवडक जाती लावतात. ऊस, मका आणि ज्वारी यांच्याप्रमाणे हरळीही ‘सी-४’ पद्धतीने अन्न तयार करते. कडक उन्हात आणि उष्ण हवेत ही पद्धत फार कार्यक्षम असते, पण अपुऱ्या उजेडात तिचा हा फायदा नाहीसा होतो. हरळीला दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवं. त्याहून कमी ऊन मिळालं की ती आधी रूप बदलते. पेरांमधलं अंतर वाढतं, पानं बारीक आणि लांब होतात, आडवं पसरणारं गवत उजेडाच्या ओढीने उभं धावतं. कापणी झाली की हिरवा भाग सगळाच जातो आणि खाली पिवळ्या काड्या उरतात. मुळांत साठवलेलं अन्न संपलं की ती जागा रिकामी होते.

भिंत किती सावली टाकते याचा अंदाज बहुतेकांना नसतो, कारण ती सावली वर्षभर हलत असते. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे भर माध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर येतो, तोही दक्षिणेकडे कललेला. अशा वेळी सहा फूट उंच भिंतीची सावली उत्तरेकडे साधारण साडेपाच फूट पडते. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला ती आणखी लांब असते. म्हणजे हिरवळीच्या दक्षिण कडेला भिंत असेल तर तिच्यालगतच्या पाच फुटांना त्या दिवसांत थेट ऊन जवळजवळ मिळतच नाही. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावली दिवस येतो तेव्हा त्याच जागी भर दुपारी भिंतीची सावली नाहीशी होते. म्हणूनच उन्हाळ्यात तिथे लावलेलं लॉन सुरेख धरतं, सगळे निश्चिंत होतात, आणि संक्रांतीच्या सुमारास ते मरायला लागतं.

हे तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावलीच्या कडेला काड्या रोवाव्यात. काड्यांची रेघ आणि मेलेल्या गवताची रेघ जुळली तर मुख्य कारण सापडलं. पूर्व-पश्चिमेच्या भिंती अर्धा दिवसच ऊन अडवतात, तेव्हा तिथे एकट्या सावलीला दोष देण्याआधी पुढचे मुद्दे पाहावेत.

पाऊस पडतो, पण पोचत नाही

मोसमी पाऊस आपल्याकडे पश्चिम-नैर्ऋत्येच्या वाऱ्यासोबत येतो आणि सर तिरकी पडते. आवाराच्या पश्चिमेला भिंत असेल तर तिच्या आतल्या पायथ्याशी पाणी कमी पोचतं. सह्याद्रीने पुण्याच्या बाबतीत जे केलं, तेच ही भिंत लहान प्रमाणावर करते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. भर पावसाळ्यात, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत, भिंतीलगत खुरपं घालून पाहिलं तर वरची बोटभर माती कोरडी निघते. त्याच वेळी चार फुटांवर चिखल असतो.

पाइपने किंवा फवाऱ्याने दिलेल्या पाण्याचंही तसंच होतं. फवाऱ्याचा घेर कडेपर्यंत पुरत नाही, आणि भिंत भिजू नये म्हणून माळी पाइप अलीकडेच वळवतो. इथे वाट्या कामाला येतात. एकाच मापाच्या, उभ्या काठाच्या चार वाट्या भिंतीलगत, दोन फुटांवर, पाच फुटांवर आणि मध्यभागी ठेवाव्यात. पंधरा मिनिटं फवारा चालवावा आणि प्रत्येक वाटीतलं पाणी पट्टीने मोजावं. भिंतीजवळच्या वाटीत निम्मंही पाणी जमलं नाही, तर गवत तहानेने मरतंय असं समजायला हरकत नाही.

त्यात उष्णतेची भर पडते. भिंतीचा पश्चिमेकडे तोंड असलेला पृष्ठभाग दुपारभर तापतो आणि अंधार पडल्यावरही उष्णता सोडत राहतो. मे महिन्यात सूर्यास्तानंतर तासाभराने भिंतीला तळवा लावून पाहावा, चटका जाणवतो. तिच्या पायाशी असलेलं गवत दिवसभर वरून तापतं आणि संध्याकाळी बाजूने. चकचकीत पत्र्याचं कुंपण असेल तर परावर्तित झालेलं ऊनही तिथेच उतरतं.

याच्या उलटही घडतं. जमिनीचा मूळ उतार भिंतीने अडवला आणि तिला पाणी जाण्यासाठी भोकं ठेवलेली नसली की पावसाचं पाणी पायथ्याशी तुंबतं. शेजारच्या प्लॉटवर भराव घालून पातळी वाढवली असेल किंवा तिथे पेव्हर ब्लॉक बसवले असतील, तर पलीकडचं पाणीही इकडे येतं. अशा जागची माती काळपट, चिकट आणि कुजकट वासाची निघते, मुळं तपकिरी आणि लिबलिबीत होतात. तहानेचं पिवळेपण आणि गुदमरल्याचं पिवळेपण पानांवर सारखंच दिसतं. फरक कळतो तो बोट मातीत घातल्यावरच. जमीन वाफशावर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पाणी वाढवणं धोक्याचं आहे.

भिंतीखाली काय पुरलंय

आता खोदायचं. भिंतीपासून एक फुटावर आणि हिरवळीच्या मध्यावर असे फूटभर खोल दोन खड्डे घ्यावेत आणि दोन्हींतली माती वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी पसरावी. मधल्या खड्ड्यातली माती भुसभुशीत, मुळांच्या जाळीने धरलेली असते. कधी एखादं गांडूळही वळवळताना दिसतं. भिंतीलगतच्या खड्ड्यात बरेचदा वर दोन-तीन इंचच माती असते. तिच्याखाली पिवळसर मुरूम, विटांचे तुकडे, गिलाव्याच्या खपल्या, वाळू, सिमेंटच्या मालाचे कडक गोळे. भिंत बांधताना पायाचा चर खणला, खालचा मुरूम वर आला, उरलेला राडारोडा त्याच चरात लोटला आणि वरून लाल मातीचा थर देऊन लॉन अंथरलं, हा सगळा इतिहास तिथे जसाच्या तसा पडलेला असतो. कधी खुरपं पाच-सहा इंचांवर टणकन आपटतं, कारण पायाचं काँक्रीट भिंतीबाहेर फूट-दीड फूट आलेलं असतं. तिथे मुळांना जायला जागाच नसते आणि एवढीशी माती उन्हाळ्यात एका दिवसात सुकते.

राडारोड्याचा दुसरा त्रास रासायनिक आहे. सिमेंट घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि ते अत्यंत अल्कधर्मी असतं. ओल्या, ताज्या सिमेंटचा सामू (पीएच) १२ च्या वर जातो. काळाच्या ओघात त्याचं चुनखडीत रूपांतर होतं आणि तीव्रता कमी होते, तरी मातीचा सामू चढाच राहतो. दख्खनच्या काळ्या जमिनी मुळातच अल्कधर्मी असतात, त्यामुळे थोड्या भरीनेही तोल बिघडतो. चढ्या सामूत लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. उलट, खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर ती नत्राची कमतरता समजावी.

लोहाच्या उणिवेची घरगुती परीक्षा आहे. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून पट्टीच्या एका हातभर तुकड्यावर सकाळी फवारावा. हे पाणी भिंतीवर किंवा फरशीवर पडलं तर तांबूस डाग पडतात, तेवढं जपावं. आठवड्याभरात तोच तुकडा हिरवा झाला आणि शेजारचा पिवळाच राहिला, तर लोहाची उणीव निश्चित झाली. मातीवर लिंबाचा रस टाकून फेस येतो का हे पाहण्याची पद्धतही अनेकांना माहीत असते. मात्र आपल्या काळ्या मातीत चुनखडी निसर्गतःच असते, तेव्हा दोन्ही खड्ड्यांतल्या मातीवर रस टाकून फेसातला फरक पाहावा. नुसता फेस आला म्हणून निष्कर्ष काढू नये.

पलीकडचं झाड, अलीकडची मुळं

भिंतीपलीकडे रांगेने लावलेला उंच खोटा अशोक, बांबू, नीलगिरी किंवा सुबाभूळ असेल तर मुळांचा विचार करावाच लागतो. मुळं फांद्यांच्या घेरापुरतीच असतात हा समज चुकीचा आहे. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं मुख्यतः वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि घेराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत जाऊ शकतात. भिंतीचा पाया त्यांना थोडं वळवतो, पण अडवेलच असं नाही. मगाशी खणलेल्या खड्ड्यात भिंतीच्या बाजूने सुतळीएवढी किंवा करंगळीएवढी लाकडी मुळं येताना दिसली की समजावं, आपण गवताला घातलेलं पाणी आणि खत झाड घेतंय.

काही झाडांच्या पानांतली रसायनं इतर वनस्पतींची वाढ रोखतात, हेही खरं आहे. सुबाभळीत मिमोसिन असतं, नीलगिरीच्या पानांत तेलं असतात. प्रयोगशाळेत त्यांचा परिणाम दिसतो. पण प्रत्यक्ष जमिनीवर हा परिणाम झाडाच्या सावलीपासून आणि पाण्याच्या ओढाताणीपासून वेगळा काढणं अवघड असतं, आणि बागेत बहुधा सावली आणि पाणी हीच मोठी कारणं ठरतात. गळलेल्या पानांचा जाड थर गवतावर पडून राहिला तर तोही उजेड तोडतो. तो आठवड्याला झाडून काढला तरी फरक पडतो.

मुळं दिसली म्हणून कुऱ्हाड उचलू नये. महाराष्ट्राच्या नागरी भागांत झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि झाडाला इजा करणंही तोडण्यातच मोजलं जातं. शिवाय भिंतीलगतची जाड मुळं एका बाजूने तोडली तर वादळी पावसात झाड कोसळण्याचा धोका असतो. झाडाचं पाणी तोडण्यापेक्षा गवताचं पाणी वाढवणं किंवा तिथला गवताचा हट्ट सोडणं शहाणपणाचं.

हुमणी, बुरशी आणि बाकीचे

ऑगस्टनंतर सुकलेल्या गवताची मूठ धरून वर ओढावी. निरोगी गवत हाताला झटका देतं, सहज सुटत नाही. हुमणीने मुळं खाल्लेलं गवत मातीपासून अलगद निघून येतं आणि खालच्या बाजूला मुळंच नसतात. चार-पाच इंच माती उकरली की पांढुरक्या, जाड, अर्धवर्तुळात वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसतात. ऊस आणि भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्यांना ही कीड चांगलीच माहीत आहे. वळवाच्या किंवा मोसमाच्या पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खातात, तिथेच मिलन होतं आणि माद्या जवळच्या जमिनीत अंडी घालतात. म्हणून कुंपणाला लागून कडुनिंब असेल तर हुमणीही बहुधा त्याच कडेला सापडते. साळुंक्या किंवा गायबगळे एकाच जागी सतत चोची मारताना दिसले तर तीही खूण आहे. एखाद-दुसरी अळी कुठल्याही बागेत असते, तिच्यासाठी विषाचा मारा करू नये. खुरप्याच्या दोन-चार घावांत पाच-सहा अळ्या निघाल्या तर मात्र त्या वेचून नष्ट कराव्यात आणि शेणखतात मिसळून मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी जमिनीत द्यावी. पुढच्या वर्षी पहिल्या पावसानंतर झाडाच्या फांद्या रात्री हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा केले तर अंडी घालण्याआधीच प्रश्न हलका होतो.

बुरशीचे डाग गोलसर असतात आणि दमट, ढगाळ दिवसांत वाढतात. पहाटे दव असताना पाहिलं तर डागाच्या कडेला पांढरे बारीक तंतू दिसतात. भिंतीजवळ वारा खेळत नसल्याने पानं उशिरा सुकतात आणि बुरशीला आयतीच सोय होते. संध्याकाळचं पाणी बंद करून ते पहाटे दिलं तरी बराच फरक पडतो.

माणसाच्या आणि प्राण्यांच्या हातून होणारी कारणंही आहेत. कुत्रा रोज कुंपणाच्या कडेने धावत असेल तर ती वाट टणक होते. त्याच्या लघवीचे डाग मधोमध जळलेले आणि भोवती गर्द हिरवी कड असलेले दिसतात, कारण कडेपर्यंत पोचलेलं सौम्य नत्र खताचं काम करतं. गवत कापायचं यंत्र भिंतीपर्यंत जात नाही, म्हणून कड हातकटरने छाटली जाते आणि ती बरेचदा मातीलगत छाटली जाते. दर पंधरवड्याला असं खरडलेलं गवत कुठल्याच रोगाशिवाय मरतं.

भिंतीऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेची जाळी असेल तर आणखी एक शक्यता तपासण्यासारखी आहे. पावसाने हे जस्त झिजून खालच्या मातीत उतरतं. ब्रिटनमध्ये शास्त्रज्ञ अँथनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताचा मुलामा असलेल्या विजेच्या मनोऱ्यांखालच्या गवताचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. मनोऱ्यांखालची माती जस्ताने दूषित झाली होती, आणि काही मनोऱ्यांखाली अवघ्या काही दशकांत जस्त सहन करणारी गवतं उत्क्रांत झाली होती. घरगुती जाळीखाली नुकसान झालंच तर ते तारेच्या बरोबर खाली काही इंचांतच असतं. फूट-दीड फूट रुंद पट्टीचा दोष जाळीला देता येत नाही.

उरलं तणनाशक आणि क्षार. ग्लायफोसेट पानांतून शिरून मुळांपर्यंत जातं. गवत आठवडाभराने पिवळं पडू लागतं, पंधरवड्यात सुकतं, आणि रुंद पानांची तणंही त्याच वेळी जातात. मातीत मात्र ते कणांना घट्ट चिकटतं, त्यामुळे पलीकडच्या जमिनीतून झिरपून अलीकडचं गवत मारत नाही. वाऱ्याने उडालेले थेंब पानांवर पडावे लागतात. म्हणून पक्क्या उंच भिंतीपेक्षा जाळीच्या कुंपणाशी ही शक्यता जास्त. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचं बंधन घातलं आहे. क्षारांचं कारण बोअरवेलच्या जड पाण्याशी जोडलेलं असतं. पाणी मऊ करणारं यंत्र धुताना मिठाचं तीव्र पाणी बाहेर पडतं. हरळी खारटपणा बऱ्यापैकी सोसते, पण हे पाणी रोज एकाच जागी मुरलं तर तीही हरते. पानांची टोकं करपतात आणि मातीवर पांढरी पापडी धरते.

मूग आणि अदलाबदल

इतकं पाहूनही दोन-तीन कारणांत घोळ राहिला तर दोन सोपे प्रयोग आहेत.

पहिला मुगाचा. भिंतीलगतची आणि मध्यावरची माती दोन वेगळ्या कुंड्यांत भरावी, दोन्हींत मोजून तितकेच मूग पेरावेत, सारखं पाणी द्यावं, सारख्या उन्हात ठेवावं. तीन-चार दिवसांत उगवण आणि दोन आठवड्यांत वाढ दिसते. भिंतीच्या मातीत मूग उगवलेच नाहीत किंवा पानं करपली, तर दोष मातीत आहे. दोन्हीकडे सारखेच तरारले, तर मातीतले क्षार आणि सिमेंट निर्दोष. ग्लायफोसेटचा निकाल मात्र हा प्रयोग देत नाही, कारण ते मातीत अडकून निष्क्रिय होतं.

दुसरा अदलाबदलीचा. हिरवळीच्या मध्यावरून फूटभर चौकोनाचा, पाच-सहा इंच मातीसकट तुकडा काढून भिंतीलगत बसवावा आणि तिथली माती मधल्या खड्ड्यात भरून वर हरळीच्या काड्या लावाव्यात. चांगल्या मातीसकट गेलेला तुकडा भिंतीशी मेला आणि भिंतीच्या मातीतली हरळी उन्हात फोफावली, तर कारण जमिनीच्या वर आहे. ऊन, उष्णता किंवा पाणी. उलट घडलं तर कारण जमिनीखाली आहे. दोन्ही नमुने कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा कृषी विभागाच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत दिले तर सामू आणि विद्युत वाहकता हे दोन आकडे अंदाजाचं रूपांतर खात्रीत करतात. विद्युत वाहकता म्हणजे क्षारांचं माप. एकच नमुना देऊ नये. चांगल्या जागेचा आकडा सोबत असल्याशिवाय वाईट जागेचा आकडा काही सांगत नाही.

शेजारी हा साक्षीदार

सामाईक कुंपणाची निम्मी माहिती पलीकडे असते. झाड कधी लावलं, भिंतीलगत फवारणी झाली का, पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं पाणी कुठे सोडलंय, भराव कधी पडला, हे शेजाऱ्यांनाच ठाऊक. म्हणून त्यांच्याशी बोलावं, पण तक्रारीच्या सुरात नाही. "काका, आमच्याकडचं भिंतीजवळचं गवत जळतंय, कारण शोधतोय. तुमच्या बाजूला कसं आहे, जरा पाहू का?" एवढं पुरतं. आणि पलीकडे जाऊन पाहणं हा तपासाचाच महत्त्वाचा भाग आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंचं गवत मेलं असेल तर कारण बहुधा पायात पुरलेल्या राडारोड्यात आहे. एकाच बाजूचं मेलं असेल तर दिशा, म्हणजे ऊन, वारा आणि पाऊस, यांच्याकडे बोट जातं. आरोप करून घेतलेल्या भांडणात ही माहिती कायमची बंद होते.

उपाय कारणाचा

कारण कळलं की उपाय नेमका होतो. राडारोडा असेल तर दीड-दोन फूट रुंदीची आणि फूटभर खोलीची पट्टी उकरून तो काढावा आणि गाळाची माती व कुजलेलं शेणखत भरावं. पायाचं काँक्रीट मात्र फोडू नये. पाणी पोचत नसेल तर कडेला ठिबकची एक नळी टाकावी. तुंबत असेल तर उतार दुरुस्त करावा, शेजाऱ्यांच्या संमतीने भिंतीला भोकं पाडावीत. क्षार साचले असतील तर स्रोत बंद करून निचरा होईल अशा बेताने गोड्या पाण्याने जमीन दोन-तीनदा धुवावी. सावली मध्यम असेल तर रुंद पानांचं कार्पेट गवत हरळीपेक्षा बरं तगतं, आणि कापणी थोडी उंच ठेवावी म्हणजे पानांना उजेड घ्यायला जागा उरते.

दाट सावलीत मात्र गवताचा आग्रह सोडावा. हरळी मोकळ्या, उन्हाळ माळांवर वाढणारी वनस्पती आहे आणि उत्तराभिमुख भिंतीचा पायथा तिचा नव्हे. तिथे नेचे, सिंगोनियम, स्पायडर प्लांट आनंदाने वाढतात. तापणाऱ्या पश्चिमाभिमुख भिंतीशी गवती चहा किंवा ऑफिस टाइम चांगलं राहतं. नुसती खडीची फूटभर पट्टी ठेवली तरी कटरचा वार वाचतो आणि भिंतही कोरडी राहते.

एक काळजी मात्र सगळ्यांनी घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा आणि पट्टीचा एक तुकडा तुलनेसाठी तसाच ठेवावा, नाहीतर गवत सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही. कारण न शोधता केलेला उपाय नुसता वाया जात नाही, तो नुकसान वाढवतो. युरियाने सावलीतलं गवत आणखी लुसलुशीत आणि अशक्त होतं. जास्त पाण्याने आधीच गुदमरलेली मुळं कुजतात. विनाकारण मारलेलं कीटकनाशक गांडुळांना आणि हुमणीचा फडशा पाडणाऱ्या किड्यांनाही मारतं. नवं लॉन विकत घेण्याआधी एक सुट्टीचा दिवस सावली मोजायला, दोन खड्डे घ्यायला आणि शेजाऱ्यांशी बोलायला द्यावा. त्या दिवसाला खर्च जवळपास काहीच येत नाही, आणि पुढचा प्रत्येक रुपया योग्य जागी पडतो.